न विचारण्याचा वसा

निर्माल्य आणि किस्से, दोन्ही रोज थोडे थोडे साठतात आणि दोन्ही कचऱ्यात टाकवत नाहीत. ऑकलंडला आल्यावर निर्माल्याची माझी मोठीच पंचाईत झाली. ओढ्यात सोडावं तर काउन्सिल ओरडणार, बिनमध्ये टाकावं तर मन खाणार. शेवटी मागच्या अंगणात लिंबाखाली एक खड्डा केला. लिंबं काय लागली म्हणता त्या झाडाला!

किश्शांना मात्र असा खड्डा मिळाला नाही. त्यातून आमच्या वाचनालयातल्या स्पर्धेचे किस्से म्हणजे विचारू नका. पुण्याला नणंदेला फोनवर सांगायला घेतले की कॉलिंग कार्ड संपायचं आणि किस्सा ऐन रंगात तुटायचा. तिचा दुसऱ्या दिवशी जाऊबाईंकडे निरोप, "वहिनीला म्हणावं, पुढे काय झालं?" म्हणून एकदाचे ओळीने लिहूनच काढते.

दोन हजार सालानंतरची ती चार-पाच वर्षं. स्पर्धा शाळेतल्या मुलांची, कवितेची, आणि एका काळ्या कवयित्रीच्या स्मरणार्थ. अडीचेकशे वर्षांपूर्वीची ही बाई. लहानपणी आफ्रिकेतून धरून नेलं, जहाजात घातलं, अमेरिकेत विकलं. ज्यांनी विकत घेतलं त्यांचीच भाषा ती शिकली आणि त्या भाषेत अशा कविता केल्या की भले भले चक्रावले.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. थोरांचं नाव सहज तोंडी घ्यायचं नाही ही माझी जुनी सवय. ह्यांचं नाव तरी मी उखाण्याशिवाय कुठे घेते! वाचनालयात मी तिला 'बाई' म्हणायचे, आणि बघता बघता सगळेच 'बाई' म्हणायला लागले. स्पर्धेच्या पत्रकावर तेवढं छापायचं राहिलं.

*

स्पर्धा सुरू केली रूथ यांनी. सत्तरीच्या, स्वतः काळ्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या. जन्मभर शाळेत शिकवलं आणि न्यूझीलंडच्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या. मी त्या गटात कशी शिरले? मुलीची पुस्तकं परत करायला गेले होते. काउंटरवर अरोहा होती. माओरी, म्हणजे इथल्या मूळ लोकांतली, माझ्याच वयाची, आणि 'किया ओरा' हा त्यांचा नमस्कार असा करायची की वाटावं ही आपली वाटच बघत बसली होती. ती म्हणाली, "कविता ऐकायला येशील का? निवड करायला माणसं हवी आहेत."

मी म्हटलं, "माझं इंग्रजी यथातथाच गं."

"कान आहेत ना?" ती म्हणाली.

झालं. कान घेऊन गेले.

रूथ यांची पद्धत अशी की कविता मनात वाचायची नाही. एकाने मोठ्याने वाचायची, बाकीच्यांनी ऐकायची. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "आधी बाईंची गोष्ट, मग कविता." आणि सांगायला लागल्या.

इकडे श्रावण ऐन थंडीत येतो. हीटरभोवती आम्ही बसलेलो. मी सवयीने पर्समधली पुडी काढली आणि चार अक्षता मुठीत धरल्या. आमच्याकडे कहाणी रिकाम्या हाताने ऐकत नाहीत.

रूथ सांगत होत्या: गावातली बडी बडी माणसं जमली, त्या पोरीला समोर बसवलं आणि विचारलं, हे तूच लिहिलंस का? "विचारणाऱ्यांची नावं राहिली," रूथ म्हणाल्या, "तिने काय उत्तर दिलं, ते राहिलं नाही. म्हणून या खोलीत एकच नियम. तो प्रश्न कुठल्याही मुलाला कोणीही विचारायचा नाही. सरळ नाही, आडून नाही."

मला वाटलं होतं ही स्पर्धा आहे. हा तर वसा होता!

अरोहाने माझ्या मुठीकडे बघितलं. "हातात काय आहे?"

"तांदूळ."

"कशाला?"

"ऐकायला."

तिने हात पुढे केला. "मलाही दे."

पुढच्या आठवड्यापासून टेबलावर तांदळाची वाटीच असायची. मला घ्यायला आलेल्या ह्यांनी गालिच्यावरचे पिवळे दाणे बघितले. "लायब्ररीत तांदूळ पेरताय? आता ओव्हरड्यू पुस्तकं उगवणार!"

*

कुठल्याही कामाच्या आधी गणपती. इथे मूर्ती कुठली मांडणार! मी विड्याच्या पानाऐवजी लिंबाचं पान ठेवलं, त्यावर सुपारी, आणि टेबलाच्या कोपऱ्यात गणपती बसवला. बसवला खरा, पण आता स्पर्धा संपून उत्तरपूजा होईपर्यंत तो हलवायचा कसा?

संध्याकाळी सफाईवाल्या बाई येणार. त्या बिचाऱ्या एका फडक्यात देव आणि पान दोन्ही उचलणार. मी अरोहाला अडचण सांगितली. तिला ते जराही चमत्कारिक वाटलं नाही. "आम्हीही करकियाशिवाय काही सुरू करत नाही," ती म्हणाली. करकिया म्हणजे त्यांची प्रार्थना. ती आत गेली, एक पाटी घेऊन आली आणि सुपारीसमोर उभी केली.

पाटीवर लिहिलं होतं, 'रिझर्व्ह्ड'.

महिनाभर कोणी हात लावला नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर काउंटरवर येऊन विचारलंही, "ते माझ्या नावावर कधी मिळेल?"

*

दुसऱ्या वर्षी ह्यांनाही ओढलं. आमचे हे आयटीत. जग दोन प्रकारच्या गोष्टींचं बनलेलं आहे, एक्सेलमध्ये बसणाऱ्या आणि अजून न बसवलेल्या, असं त्यांचं मत. माणूस मनाचा मऊ, पण शंका फार. चोवीस वर्षं मी घरी चक्का बांधून श्रीखंड करते, तरी प्रत्येक वेळी वाटी हातात घेऊन विचारणार, "घरचं की सँडरिंगहॅमच्या दुकानातलं?"

मीटिंगला हे लॅपटॉप घेऊन आले. रकाने पाडलेले: थीम, भाषा, लय. शेवटचा रकाना होता, 'जेन्युइन'. त्याखाली हो किंवा नाही.

रूथ यांनी चष्मा नीट केला. "हे काय?"

"म्हणजे मुलाने खरंच स्वतः लिहिलंय का, तेवढं जरा..."

रूथ शांतपणे म्हणाल्या, "बाईंना ज्या खोलीत बसवलं ना, तिथल्या लोकांकडे कम्प्युटर नव्हता. कॉलम मात्र हाच होता."

ह्यांनी निमूटपणे बटण दाबलं आणि रकाना नाहीसा झाला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "बरं केलंत, काढून टाकलात."

"काढला नाही," हे म्हणाले. "हाइड केलाय."

*

पण वसा कसोटी बघतोच. त्याच वर्षी एक कविता आली. चंद्र, गुलाब, विरह! लिहिणारा मुलगा आठवीतला. अरोहाने वाचायला घेतली आणि शेवटची ओळही त्याच ओघात, तितक्याच भावनेने वाचून टाकली: "प्रिंट करण्यासाठी इथे क्लिक करा."

ह्यांना झालेला आनंद काय वर्णावा! "आता? आता तरी विचारायचं की नाही?"

"नाही," रूथ म्हणाल्या.

त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. आम्हाला वाटलं, आता नियम मोडतो. रूथ त्याला म्हणाल्या, "तू दिलेली कविता फार पूर्वीची दिसते. तुला आवडली हे छान. आता मला अशी एक दे, जी अजून कुणाकडेच नाही."

पोराचे कान लाल. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसला, पेन्सिल चावली, खोडलं, पुन्हा चावली. जाताना एक चिठोरं ठेवून गेला. इंग्रजीच होतं (जँडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला), पण मला असं ऐकू आलं:

'दारात बाबांच्या जँडल्स आहेत, म्हणजे बाबा घरात आहेत. जँडल्स नसल्या की आई रेडिओ मोठा लावते.'

रूथ यांनी ते चिठोरं दोन्ही हातांनी धरलं, प्रसाद धरावा तसं. ह्यांनीही घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि हळूच म्हणाले, "ह्यात कुठे क्लिक करायचं ते लिहिलेलं नाही."

*

श्रावणी सोमवारी दुपारपर्यंत माझं मौन असतं. एकदा मीटिंग नेमकी सोमवारी सकाळी आली. मी गेले, बसले, ऐकलं. आवडली तर मान डोलवायची, नाही आवडली तर डोळे मिटायचे. चहाच्या वेळी सगळे बिस्किटं खात होते आणि मी उपासाचा राजगिरा लाडू.

रूथ यांना कोणीतरी म्हणालं, "त्या आज नाराज दिसतात."

रूथ म्हणाल्या, "नाराज कुठल्या! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला एक परीक्षक मिळालाय, जो कवितेच्या मध्ये बोलत नाही."

ह्यांनी घरी येऊन विचारलं, "हे मौन रोजचं करता येतं का गं?"

*

तिसऱ्या वर्षी निळ्या कागदावर एक कविता आली.

संध्याकाळ होती. आमची गार्गी पोहून थेट वाचनालयात आलेली, केस ओले, खांद्याला टॉग्जची, म्हणजे पोहायच्या कपड्यांची, पिशवी. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं असा आमच्या घराचा करार. ती दारातच उभी होती, "आई, कॅन वी गो?" करत. अरोहाने निळा कागद उचलला आणि वाचायला लागली.

कविता बाईंना उद्देशून होती. मला जशी कळली तशी सांगते:

'त्यांनी तुला भाषा दिली ती हुकूम ऐकण्यापुरती. त्यांना वाटलं, आपण कान दिले. तू तोंड घेतलंस.'

आणि पुढे:

'जहाजावर तुला कुणी नाव विचारलं नाही. म्हणून आज मी विचारते. आई तुला काय म्हणून हाक मारायची?'

अरोहा पाणी प्यायली आणि तिने पुन्हा वाचलं. रूथ खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. इतकी वर्षं बाईंची गोष्ट सांगितली, पण हा प्रश्न आपल्यालाही सुचला नाही, असं त्या मला नंतर म्हणाल्या.

आमच्या सगळ्यांच्या मुठी अजून बंद होत्या. तांदूळ खाली ठेवायचं भान कुणाला नव्हतं. दारातून गार्गी म्हणाली, "फार आउट!", म्हणजे इथल्या पोरांचं 'बाप रे', आणि पिशवी खाली ठेवून आत येऊन बसली.

मला राहवलं नाही. कागद टेबलावर आला तेव्हा मी वाकून त्याला नमस्कार केला.

"आई!" गार्गी कुजबुजली. "इट्स अ पेज!"

"म्हणूनच," मी म्हटलं.

*

निवड झाल्यावर पाकिटं उघडली. निळ्या कागदावरचं नाव निघालं रेवती माने.

आमच्या ओळखीतली! सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात जिलेब्या पाडणाऱ्या मान्यांची मुलगी. सांगलीकडचे लोक, येऊन दीड वर्ष झालेलं. मला असा आनंद झाला की मी अरोहाला मिठीच मारली.

ह्यांचा चेहरा मात्र गंभीर. "मान्यांची रेवती? शक्य नाही. ती मराठी मीडियमची! मंडळाच्या सत्यनारायणाला मी तिला विचारलं, हाउ इज स्कूल? तर म्हणाली, यस!"

"लाजली असेल."

"अगं, लाजणं वेगळं आणि असलं इंग्रजी वेगळं. ही भाषा त्या मुलीची वाटत नाही."

"तुम्ही कुठल्या मीडियमचे हो?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

"आमच्या वेळी सगळेच मराठी मीडियमचे होते!"

रंगीत तालमीला रेवती आली. अंगाने बारीक, दोन वेण्या, हातात तोच निळा कागद. रूथ यांनी प्रेमाने काहीबाही विचारलं, तिचं उत्तर 'यस' नाहीतर 'नो'. कविता वाचली तीही कागदाला तोंड लावून. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू 'नाही' असा शेराच मारला.

अडचण पुढेच होती. शेवटच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलाने कविता वाचायची आणि मग एका परीक्षकाने त्याला एक प्रश्न विचारायचा, अशी रीत. चिठ्ठ्या टाकल्या. रेवतीला प्रश्न विचारायची पाळी आली ह्यांच्यावर!

"मी तो प्रश्न विचारणारच नाही," हे म्हणाले. "नियम म्हणजे नियम. मी फक्त विचारीन, हे तुला सुचलं कसं? तेही इंग्रजीत, सविस्तर. आपोआप कळेल."

"अहो, हा तोच प्रश्न आहे. नुसता सूट घालून आलाय."

*

श्रावणातल्या शुक्रवारी मी सवाष्ण जेवायला घालते. त्या वर्षी रेवतीची आई, वैशाली, हिला बोलावलं. पुरण घातलं, ओटी भरली. विडा द्यायला गेले तर तिने माझा हात धरून ठेवला.

"ताई, एक मागू?"

"माग की."

"रेवाला तेवढं विचारू नका. तिथं, सगळ्यांसमोर. हे तूच लिहिलंस का म्हणून."

मी चमकले. "का गं? असं का म्हणतेस?"

मग तिने सांगितलं. आल्या आल्या शाळेत रेवतीने एक निबंध लिहिला होता. मास्तरीणबाईंनी जवळ बोलावून विचारलं, अगदी गोड आवाजात, हे तूच लिहिलंस का? पोरीला मनात सगळं येत होतं, तोंडात काही येईना. शेवटी जो शब्द आला तो बोलून गेली. 'सॉरी' म्हणाली.

"सॉरी म्हटल्यावर काय ताई? त्यांना वाटलं, कबूल केलं. रागावल्या नाहीत. पुढच्या वेळी स्वतः लिही म्हणाल्या. त्या दिवसापासून वर्षभर पोरीनं वही उघडली नाही. सांगलीकडं असताना उठता बसता लिहायची. ही कविता लिहिली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. आता परत कुणी विचारलं ना, तर ती भांडायची नाही, रडायचीबी नाही. लिहायचंच सोडील."

मी तिला 'नाही विचारणार' असं म्हणू शकले असते. पण विचारणारे माझ्या हातात कुठे होते? मी म्हटलं, "देव आहे, वैशाली." तिच्या ताटातली पुरणपोळी अर्धी तशीच राहिली होती. ती मी डब्यात घालून दिली, रेवतीसाठी.

*

त्या संध्याकाळी मी देवापुढे हातावर पाणी सोडलं. कार्यक्रम नीट पार पडेपर्यंत माझं जेवण अळणी. कोणाला सांगितलं नाही. ह्यांच्या आणि गार्गीच्या पानात सगळं नेहमीसारखं.

दोनतीन दिवसांनी ह्यांनी चुकून माझ्या वाटीतली आमटी घेतली.

"बीपी वाढलं का तुझं?"

"नाही."

"मग हे काय?"

"नेम आहे एक."

"कसला?"

"बोलून दाखवायचा नसतो."

हे थोडा वेळ भात कालवत बसले. मग म्हणाले, "माझ्यासंबंधी आहे का?"

गार्गी ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाबा. ऑब्व्हियसली."

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसातून परस्पर रूथ यांच्याकडे गेले. मला अरोहाने सांगितलं, तिथेच होती ती. ह्यांनी आपला मुद्दा शिस्तीत मांडला. "मॅडम, समजा मुलीने फसवलं असेल, आणि आपण विचारलंच नाही. तर?"

"तर एक बक्षीस वाया जाईल," रूथ म्हणाल्या. "आणि समजा तिनेच लिहिलं असेल, आणि आपण विचारलं. तर?"

ह्यांनी कोट घातला आणि 'गुड नाइट' म्हणून निघाले म्हणे.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय ठरलं?"

"काही नाही," हे म्हणाले. "त्या बुद्धिबळ खेळत असतील तर मी त्यांच्याशी खेळणार नाही."

पण प्रश्न लिहून ठेवलेलं कार्ड त्यांनी खिशातून काढलं नाही. रात्री शर्ट धुवायला टाकताना मी हळूच बघितलं. 'हे तुला सुचलं कसं?' खाली दोन रेघा!

*

कार्यक्रम शनिवारी दुपारी, शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या भरल्या, माणसं भिंतीला टेकून उभी. मान्यांनी दुकानातून अर्धी सुट्टी घेतलेली, जॅकेटला तुपाचा वास. वैशाली माझ्या शेजारी. पदर पुन्हा पुन्हा नीट करताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. पुढच्या रांगेत रूथ, अरोहा आणि आमचे हे, हातात कार्ड.

जँडल्सवाल्या मुलाने या वर्षी मांजरावर कविता वाचली आणि हॉल हसवला. मग रेवतीचं नाव पुकारलं.

ती माइकपाशी गेली. माइक तिच्या कपाळाला येत होता, अरोहाने उठून खाली केला. पहिल्या दोन ओळी कागदालाच ऐकू आल्या असतील. मग ती 'तू तोंड घेतलंस' या ओळीशी आली आणि कुठून कोण जाणे, आवाज मोकळा झाला. 'आई तुला काय म्हणून हाक मारायची?' हे तिने विचारलं तेव्हा माझ्या मागच्या रांगेतल्या एका सामोअन आजींनी मोठ्याने सुस्कारा सोडला. वैशालीला इंग्रजी कळत नव्हतं. ती लेकीकडे न बघता लोकांचे चेहरे वाचत होती.

रेवती शेवटच्या ओळीपाशी आली. 'ही भाषा माझ्याकडे पाहुणी आली आहे.'

लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले.

पण ती हलली नाही. कागदाकडे बघत राहिली. कपाळाला आठी. माइकमधून स्पष्ट ऐकू आलं, "नो."

वैशालीने माझं मनगट घट्ट धरलं. "विसरली का हो ताई?"

रेवतीने मान वर केली, पुढच्या रांगेकडे बघितलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "काका, पेन आहे का?"

आमचे हे आजूबाजूला बघायला लागले, जणू हॉलमध्ये दुसरे कोणी काका असावेत. मग उठले, खिशातलं पेन काढलं, तिच्या हातात दिलं आणि तिथेच, स्टेजच्या पायरीशी, उभे राहिले.

तिने कागद टेकवला. एक शब्द खोडला. वर बघितलं, ओठ हलवले, काहीतरी लिहिलं. तेही खोडलं. पेनाचं टोपण दातात धरलं. एवढा हॉल भरलेला, पाहुणे बसलेले, आणि तिला कोणाची घाई नव्हती! स्वयंपाकघरात एकटी असल्यासारखी ती आपली चव बघत उभी होती. रूथ यांनी डोळे मिटून घेतले होते. अरोहाची मूठ वळलेली होती.

मग तिने लिहिलं, सरळ उभी राहिली आणि शेवटची ओळ पहिल्यापासून वाचली. इंग्रजीतच वाचली. मला ती अशी ऐकू आली:

'ही भाषा माझ्याकडे नांदायला आली आहे.'

टाळ्या थांबेनात.

टाळ्या ओसरल्यावर सूत्रसंचालकांनी ह्यांच्या हातात माइक दिला. "आपला प्रश्न, सर."

हे कार्ड घेऊन उभे. एकदा कार्डाकडे बघितलं, एकदा तिच्या हातातल्या खाडाखोडीकडे. वैशालीच्या बांगड्या थांबल्या होत्या.

तेवढ्यात रेवतीच वाकली. निळा कागद पुढे धरून तिने ह्यांना विचारलं,

"काका, आता बरोबर वाटतंय?"

ह्यांनी कार्ड दुमडून खिशात घातलं.

"तुझं तुला ठाऊक, बाळा," हे म्हणाले.